वाटाड्याची मजुरी

तळोजे पाचनंद येथील रहिवाशास शेजार लाभला आहे तो पाण्याचाच. परंतु त्या पाण्यात पाय बुडवावा, असे कोणा सुज्ञास वाटणार नाही. औद्योगिक वसाहतीच्या अंगाने वाहत जाणाऱ्या कासाडी नदीची कैफियत गेली कित्येक वर्षे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या दप्तरी, राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे आणि वर्तमानपत्रांच्या रकान्यांतून मांडली जात आहे. आणि ऑगस्ट २०१७ मध्ये तर या वसाहतीत हिंडणारी भटकी कुत्री कारखान्यातील रंगद्रव्यामुळे निळी झालेली पाहून सातासमुद्रांपलीकडच्या लोकांनाही तळोजे हे नाव प्रथमच ठाऊक झाले. अशा गावच्या माणसास, पूर्वेकडे मलंगगड, चंदेरी आणि माथेरान यांची रांग व पश्चिमेकडे खारघरचा डोंगर डोळ्यांसमोर उभा असताना, आषाढ लागताच त्या कड्यांवरून उतरणाऱ्या शुभ्र धारांची ओढ लागावी, यात नवल ते काय? सहा दिवस कारखान्याच्या भोंग्यावर चालणारा मनुष्य सातव्या दिवशी डोक्यावर पाणी घ्यावयास निघतो, तेव्हा त्याला उपदेश करण्यापूर्वी त्याची ही ओढ रास्त आहे, एवढे मान्य करणे हे लिहिणाराचे पहिले कर्तव्य होय.

अडचण उद्भवते ती पुढेच. तळोज्याच्या माणसाला सर्वांत जवळचा धबधबा म्हणजे खारघरचा पांडवकडा. सुमारे १०७ मीटर उंचीवरून कोसळणारी ही धार रस्त्यावरून दिसते, वनवासी पांडव येथील गुहेत वस्तीस होते अशी आख्यायिका तिला चिकटलेली आहे, आणि बेलापूर ते पेंधर ही मेट्रो नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तर तिच्या पायथ्याच्या वस्तीपर्यंत जाणे अगदीच सोपे झाले आहे. तथापि तेथे बुडून मरणारांची परंपरा इतकी जुनी की वनखात्याने प्रवेशास कित्येक वर्षांपूर्वीच मज्जाव केला. मज्जाव केला म्हणून लोक थांबले, असे मात्र झाले नाही. मुख्य वाटेवर पोलीस उभा असेल तर गोल्फच्या मैदानामागून, नाही तर ओढ्याच्या पात्रातून, असा आडमार्ग शोधला जातो; आणि ऑगस्ट २०१९ मध्ये महाविद्यालयात शिकणाऱ्या चार मुली खारघरच्या याच डोंगरातील ओढ्याच्या लोंढ्यात वाहून गेल्या, त्या अशाच एका रविवारच्या आसपासच्या पावसात.

दरवर्षी जून महिना उजाडला की पनवेल, कर्जत, खालापूर, माणगाव या तालुक्यांत मनाईहुकूम निघतात. पूर्वी हे हुकूम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमान्वये निघत; जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेचे १६३ वे कलम त्याच्या जागी आले आहे. कलम बदलले, धबधबा बदलला नाही. हुकूम काढणाऱ्या अधिकाऱ्यास मी दोष देणार नाही, कारण पंचनामा त्यालाच करावा लागतो. परंतु मनाई ही सर्वांना सरसकट लागू असते आणि पाणी हे तासातासाला बदलते. या दोहोंचा मेळ बसत नाही, एवढे म्हटल्यावाचून राहवत नाही. ज्या दिवशी डोह निरुपद्रवी असतो त्या दिवशीही फलक तोच, आणि ज्या दिवशी मृत्यू दबा धरून बसलेला असतो त्या दिवशीही तोच. म्हणून थोड्याच दिवसांत लोक फलक वाचणे सोडून देतात. आज जाऊ नका, उद्या या, येथपर्यंत उतरा, त्या खडकापलीकडे नको, असा भेद करू शकणारे काही हवे असेल तर ते कागदावर सापडत नाही. ते त्या ओढ्याकाठी जन्मलेल्या माणसापाशीच असते.

असा माणूस बरोबर घेऊनच जेथे जावयाचे असा रिवाज पडला आहे, ते आपल्या जिल्ह्यातील ठळक ठिकाण म्हणजे माणगाव तालुक्यातील भिरे गावाजवळचे देवकुंड. तळोज्याहून पनवेल, पेण, नागोठणे, कोलाड असे मुंबई-गोवा महामार्गाने जाऊन विळ्याकडे वळले आणि पाटणूसवरून भिऱ्यास पोचले म्हणजे शंभराहून अधिक किलोमीटरांचा प्रवास घडतो. महामार्गाची प्रकृती बरी असली तर तीन तास. ती बरी नसली तर किती, हे कोकणच्या चाकरमान्यास सांगावयास नको.

भिरे हे गाव केवळ धबधब्याचे नव्हे. घाटमाथ्यावर मुळशीस धरण बांधून, जे पाणी एरवी मुळा, भीमा आणि कृष्णा यांच्या वाटेने बंगालच्या उपसागरास मिळावयाचे, ते टाटांच्या कंपनीने कड्यावरून पश्चिमेस खाली लोटले आणि १९२७ साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. त्याच धरणात जमिनी बुडावयाच्या म्हणून मावळातल्या शेतकऱ्यांनी १९२१ पासून जो सत्याग्रह केला, त्यात पांडुरंग महादेव बापट यांना ‘सेनापती’ ही पदवी लोकांनी दिली. आज कोलाडजवळ हौशी मंडळी रबरी होडीतून कुंडलिकेच्या उसळत्या प्रवाहावर स्वार होतात, ती सकाळी वीजघरातून सुटणाऱ्या याच पाण्यावर. म्हणजे एकाचे बुडालेले शेत, दुसऱ्याच्या घरची वीज आणि तिसऱ्याची रविवारची मौज ही एकाच पाण्याची तीन रूपे होत. हे विषयांतर खरे. पण वीजघरातून सुटलेले हे पाणी भिऱ्यास जेथे साठते त्या जलाशयाच्या काठानेच देवकुंडाची वाट जाते, तेव्हा ते मनात येणारच.

ही वाट एका बाजूस साधारण दोन ते अडीच तासांची. पहिला भाग जलाशयाकडेने सपाट व उघडा. मग ऐन, किंजळ यांचे रान लागते, ओढे आडवे येतात, आणि अखेरचा भाग मोठमोठ्या धोंड्यांवरून तोल सांभाळीत चढावयाचा. गिर्यारोहक ज्याला अवघड म्हणतो तसे यात काही नाही. पायात घट्ट पकडीचे बूट आणि अंगात बेताची शक्ती असली म्हणजे पुरे. रानात शिरल्यावर मात्र वाटेला वाट फुटते, आणि गर्दी नसलेल्या दिवशी वाटाड्या नसता तर त्यातली कोणती खरी हे समजावयास अर्धा दिवस जावा, अशी स्थिती आहे. शेवटी झाडी एकाएकी सरते व तिन्ही बाजूंनी उभ्या कड्यांच्या कवेत, वरून सरळ कोसळणाऱ्या धारेखाली, निळसर हिरव्या पाण्याचा प्रशस्त डोह दृष्टीस पडतो. कुंडलिका येथेच उगम पावते असे मानतात.

हा डोह तेथे झाला कसा, हे समजून घेतले म्हणजे त्याचा स्वभावही आपोआप कळतो. सह्याद्रीचा हा सगळा प्रदेश सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वी ज्वालामुखीतून थरावर थर पसरलेल्या लाव्ह्याचा बनलेला आहे. सर्व थर सारखे कठीण नाहीत. काही घट्ट, काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र, आणि दोन थरांच्या मध्ये कोठे कोठे तांबड्या मातीची पट्टी. वरचा कठीण थर टिकून राहतो, खालचा मऊ थर उडणाऱ्या तुषारांनी व वाऱ्यापावसाने झिजतो, त्यामुळे कडा पुढे आणि पोट मागे अशी रचना होते. पुढे आलेला कडा निराधार झाला की एखाद्या वर्षी कोसळतो, आणि धबधबा एक पाऊल मागे सरकतो. अमेरिकेतील नायगारा याच न्यायाने गेल्या सुमारे १२,००० वर्षांत ११ किलोमीटर मागे गेला आहे. जेथे धार पडते तेथे वरून आलेले धोंडे पाण्याबरोबर गरगरत तळ कोरीत राहतात. या गरगरण्याची करामत कोरड्या दिवसांत उघड्यावर पाहावयाची असेल तर पारनेर तालुक्यातील निघोजला कुकडी नदीच्या पात्रात जावे. तेथील रांजणखळगे म्हणजे गोट्यांनी खडकात घडविलेली भांडीच. धबधब्याखालचा डोह ही त्याच कारागिरीची भव्य आवृत्ती. फरक इतकाच की येथे भांडे पाण्याने भरलेले असल्यामुळे त्याचा तळ आपल्याला दिसत नाही.

आणि तळ दिसत नाही, यातच सर्व काही आले. गावच्या विहिरीत किंवा शाळेच्या तलावात पोहावयास शिकलेल्या माणसाचा समज असा की खोली ही काठापासून हळूहळू वाढत जाते. धबधब्याच्या डोहास हा नियम ठाऊक नाही; दोन पावले गुडघाभर आणि तिसरे पाऊल पुरुष-दोन पुरुष, असा त्याचा उतार असू शकतो. दुसरी गोष्ट याहून विलक्षण. धार पडते तेथील पाणी पांढरे दिसते ते हवेमुळे. असंख्य बुडबुडे मिसळलेल्या त्या फेसाळ पाण्याची घनता साध्या पाण्याहून कमी असते, आणि म्हणून ते माणसास नेहमीप्रमाणे उचलून धरीत नाही. पट्टीचा पोहणारा हात मारतो, पण त्याच्या हाताखाली भरीव पाणीच नसते. शिवाय कोसळणारी धार खाली जाऊन तळाशी वळते व पुन्हा धारेकडे ओढली जाते. त्या चक्रात सापडलेल्यास पृष्ठभागावर येऊ न देण्याचा तिचा धर्मच आहे. कड्याच्या पोटाशी पाण्याखाली कपारी असतात त्या निराळ्या. वरून पडणाऱ्या पाण्याबरोबर मुठीएवढा दगड आला तर काय होईल, हे तर सांगावयासही नको. यावरून निष्कर्ष एवढाच निघतो की धारेखाली उभे राहण्याची हौस, जी चित्रपटांनी आपल्या अंगी भिनविली आहे, तिला मुरड घालावी. डोहाच्या बाहेरच्या कडेस, जेथे पाणी शांत होऊन ओढ्याच्या रूपाने बाहेर पडावयास निघते त्याच्या अलीकडे, कमरेइतक्या पाण्यात बसून जो आनंद मिळतो तो काही कमी प्रतीचा नव्हे. तेथेही अंगात तरंगणारे जाकीट हवे, मग आपण कितीही पोहत असा.

परंतु डोहातील हे धोके निदान डोहातच राहतात. खरा घात करणारे पाणी अजून यावयाचे असते. सह्याद्रीच्या पायथ्याशी ऊन पडलेले असताना माथ्यावर ढग फुटल्यासारखा पाऊस कोसळत असावा, ही येथील नित्याची गोष्ट. वर पडलेले पाणी उघड्या कातळावरून मुरण्यास जागा न मिळाल्यामुळे थोड्याच अवधीत कड्यावर येते, आणि खाली पाय सोडून बसलेल्या मंडळीस त्याची वार्ता ते अंगावर येईपर्यंत नसते. ३० जून २०२४ रोजी लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील धबधब्यात एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले. प्रवाहाच्या मधल्या खडकावर एकमेकांस कवटाळून उभ्या असलेल्या त्या माणसांचे चित्रण साऱ्या देशाने पाहिले. काठावर लोक होते, काही पावलांच्या अंतरावर होते, आणि कोणाच्याने काही झाले नाही. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक अशा प्रसंगी दोर घेऊन धावतात, दिवसदिवस पाणी धुंडाळतात, पण त्यांच्या वाट्यास बहुधा शोधाचेच काम येते, सुटकेचे क्वचित.

हा लोंढा यावयाच्या आधी आपली चाहूल देतो, मात्र ती ओळखणारा हवा. स्वच्छ पाण्यास गढूळ छटा येते. सुकी पाने, काटक्या, गवताच्या काड्या वाहत येऊ लागतात. धारेचा आवाज जड होतो. देवकुंडाच्या वाटेवरचा पन्नाशीचा एक वाटाड्या, मंडळी पाण्यात उतरताच, एक चपटा दगड नेमका पाण्याच्या रेषेवर, अर्धा ओला अर्धा कोरडा राहील असा, ठेवताना मी पाहिला. मग तो पाण्याकडे तोंड आणि मंडळीकडे पाठ करून बसला. “मामा, हा दगड कशाला?” असे एका मुलाने विचारले तेव्हा त्याने मान न वळविता सांगितले, “दगड बुडाला का सगल्यांनी उठायचं. मग फोटू ऱ्हाऊ दे नाय तर भाकर.” जलशास्त्राचा कोणताही ग्रंथ याहून स्पष्ट आज्ञा देईल, असे मला वाटत नाही.

डोहाविषयीचा हा सावधपणा कालपरवाचा नव्हे. कोकणात आणि मावळात खोल डोहाकाठी शेंदूर फासलेले सात दगड आढळतात. त्या साती आसरा. त्या पाण्याच्या देवता, एकट्यादुकट्यास ओढून नेतात, तिन्हीसांजेस तेथे जाऊ नये, त्यांना विचारल्याशिवाय पाण्यात उतरू नये, असा समज. शहाण्या लोकांनी याची भोळेपणात गणना केली आणि आसरांची भीती गेली. पण ज्या खोलीची त्या राखण करीत होत्या ती खोली काही गेली नाही. पूर्वजांना हवेच्या बुडबुड्यांचे गणित ठाऊक नसेल, एकट्याने उतरणारा परत येत नाही हे त्यांनी पाहिलेले होते. आसरांचे ते काम आज वाटाड्याकडे आले आहे, आणि त्याच्यापाशी शेंदराचा धाक नाही, हीच त्याची खरी अडचण.

कारण आपण वाटाड्या ठरवितो तो वाट दाखविण्यासाठी, अशी आपली समजूत असते. सुटीच्या दिवशी वाट शंभर माणसांच्या पायांनी उमटलेलीच असते. तिच्यासाठी पैसे मोजण्याचे कारण नाही. पैसे मोजावयाचे ते त्याच्या नकारासाठी. दुसरा ओढा ओलांडण्यापूर्वी पाणी पाहून “आज येथूनच माघारी” असे जो म्हणतो, तो त्या दिवशीचे आपले सर्वांत मोलाचे काम करीत असतो. पण व्यवहार असा उलटा आहे की नेमक्या त्याच दिवशी त्याच्या मजुरीवरून हुज्जत पडते. तीन तास गाडी हाकून आलेली मंडळी म्हणतात, धबधबा दाखविला नाही, मग पैसे कशाचे? आणि शेजारच्या घरातला पोरगा “चला, मी नेतो” म्हणत पुढे येतो. ज्या माणसाची मीठभाकर आपल्याला डोहापर्यंत पोचविण्यावरच अवलंबून आहे, त्याच्या तोंडून नकार निघावा तरी कसा? धबधब्यावरील कित्येक अपघातांचे मूळ पाण्यात शोधण्याऐवजी या सौद्यात शोधावे, असे माझे स्पष्ट मत आहे.

महाराष्ट्र शासनाने २०२१ साली साहसी पर्यटनाविषयी धोरण जाहीर केले. भूमी, जल आणि आकाश या तिन्ही प्रकारांतील उपक्रम चालविणाऱ्यांनी नोंदणी करावी, प्रशिक्षित माणसे ठेवावीत, साधनसामग्री बाळगावी, अशी त्याची सर्वसाधारण तजवीज आहे. मुंबई-पुण्याकडून आरामगाड्या भरून माणसे आणणाऱ्या व्यावसायिकांची तपासणी होणे अगत्याचेच, कारण चाळीस जणांमागे दोन विशीतली पोरे आणि गळ्यात शिट्टी, एवढ्या भांडवलावर सहली काढणारे पुष्कळ आहेत. पैसे भरण्यापूर्वी त्यांना दोनचार प्रश्न बेलाशक विचारावेत. किती माणसांमागे एक जाणता? दोर आहे काय, जाकिटे किती? गावचा माणूस बरोबर असणार की नाही? पाऊस वाढला तर सहल रद्द करता काय, आणि केली तर पैशांचे काय? शेवटच्या प्रश्नास उत्तर देताना जो घुटमळतो, त्याच्याबरोबर जाऊ नये.

राहता राहिला काळाचा प्रश्न. भर पावसात देवकुंडास जाण्यास प्रशासनाची मनाई असते आणि ती मोडण्यात पुरुषार्थ नाही. नवरात्र उलटून गेल्यावर पाऊस ओसरतो, ओढे बेताचे होतात, डोह मात्र भरलेला असतो. दसऱ्यापासून माघ महिन्यापर्यंतचा काळ सर्वोत्तम. त्यापुढे जाणाऱ्याने भिऱ्याचे ऊन लक्षात घ्यावे. मार्च २०१७ च्या अखेरीस तेथे ४६.५ अंश तापमानाची नोंद झाली होती. सकाळी लवकर चालू लागावे. मद्य घरी ठेवावे, आणि प्लास्टिक नेले तितके परत आणावे. एक कासाडी पुरेशी आहे. रानात दूरध्वनी चालेलच असे नाही, म्हणून कोठे चाललो व केव्हा परतणार हे मागे कोणास तरी सांगून निघावे. संकटात ११२ हा क्रमांक सर्वत्र एकच आहे.

आणि भिऱ्यास पोचल्यावर, चालू लागण्याच्या आधी, वाटाड्याची ठरलेली मजुरी संपूर्णपणे त्याच्या हातावर ठेवावी आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात त्याला सांगावे, की मामा, कुंड दिसो वा न दिसो, हे पैसे तुमचे.